बफरमधल्या गावात आरोग्य आणि वन्यजीवांचं काम एकत्र कसं उभं करायचं

बफरमधल्या, म्हणजे व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्याभोवतालच्या पट्ट्यातल्या गावातलं ‘आरोग्य व वन्यजीव जनजागृती शिबिर’ बहुतेक एकाच साच्यातलं असतं. शाळेच्या पटांगणात मंडप, पाहुण्यांचं स्वागत, वाघ का वाचवायचा यावर पाऊण तास भाषण, आणि मग एकदाची गोळ्यांची रांग. बाया पोरं कडेवर घेऊन भाषण ऐकतात आणि लोहाच्या गोळ्या घेऊन घरी जातात. दुसऱ्या दिवशी गावातली कुत्री तशीच जंगलात शिरतात, सरपणाच्या मोळ्या तशाच येतात, आणि अंगणवाडीमागे टाकलेल्या सिरिंजा डुकरं उकरत बसतात. अहवालात लाभार्थ्यांचा आकडा मात्र झकास दिसतो.

मेळघाट, ताडोबा, पेंच, नवेगाव-नागझिरा, बोर किंवा सह्याद्रीच्या आसपास काम करू पाहणाऱ्या संस्था, डॉक्टर, पशुवैद्यक, तरुण मंडळं आणि वनविभागातली उत्साही माणसं यांच्यासाठी हा लेख आहे. सगळ्या टप्प्यांमागे एकच सूत्र आहे: माहिती आणि वेळापत्रक जोडा, उपचार आणि कायद्याची अंमलबजावणी मात्र एकमेकांपासून लांब ठेवा. बहुतेक उपक्रम याच्या उलट करतात आणि म्हणून दुसऱ्या वर्षी गाव त्यांच्याकडे फिरकत नाही.

टप्पा १: नेमकं काय जोडायचं ते ठरवा

‘माणूस, प्राणी आणि पर्यावरण यांचं आरोग्य एकच’ हे वाक्य प्रस्तावात लिहायला ठीक आहे. गावात कामाला येतात ते चार ठोस दुवे.

पहिला दुवा रोगांचा. कुत्र्यांकडून रेबीज माणसालाही होतो आणि वन्य प्राण्यांनाही. डिस्टेंपर हा कुत्र्यांचा विषाणूजन्य आजार माणसाला होत नाही, पण २०१८ मध्ये गीरमध्ये २० हून अधिक सिंह दगावले तेव्हा त्यात हाच विषाणू सापडला होता. लाळ-खुरकूत गुरांतून गव्यांत जातो. उलटही घडतं. युगांडातल्या बविंडी जंगलात १९९६ साली डोंगरी गोरिलांना खरूज झाली आणि तिचा माग आसपासच्या वस्तीतल्या कपड्यांपर्यंत निघाला. आपल्याकडे गोरिला नाहीत, माकडं मात्र प्रत्येक छपरावर आहेत.

दुसरा दुवा माणूस जंगलात कशासाठी जातो याचा: सरपण, मोहफूल, तेंदूपत्ता, गुरं आणि पहाटेचा शौच. तिसरा जखमांचा, म्हणजे सर्पदंश, अस्वलाचा हल्ला आणि दवाखान्यापर्यंतचं अंतर. चौथा दुवा औषधांचा आहे आणि तो जवळपास सगळेच विसरतात. त्याबद्दल पुढे सविस्तर.

पहिल्या वर्षी यातले दोनच घ्या. चारही एकदम हाती घेतले की माणसं दमतात आणि एकही धड होत नाही.

तपासा: ‘तुमच्या उपक्रमाने कोणता आजार किंवा कोणती जखम कमी होईल, आणि त्याच कृतीने कोणत्या प्राण्यावरचा कोणता धोका कमी होईल?’ याचं उत्तर दोन वाक्यांत देता येत नसेल तर अजून गावात जाऊ नका.

टप्पा २: गावाचं वर्ष समजून घ्या

शिबिराची तारीख शहरातल्या डॉक्टरांच्या सुट्टीवरून ठरते, ही सगळ्यात स्वस्तात टाळता येणारी चूक. मार्च-एप्रिलमध्ये मोहाच्या हंगामात गाव अंधारात उठून जंगलात गेलेलं असतं. सकाळी दहाला मंडप टाकलात तर म्हातारी माणसं आणि लहान पोरंच भेटतील. मेमध्ये तेंदूपत्ता. पावसाळ्यात रोवणी, साप आणि ताप. दिवाळीनंतर धानाची कापणी आणि रानडुकरांची राखण. आठवडी बाजाराच्या दिवशी गाव रिकामं असतं, आणि लसीकरण सत्राच्या दिवशी आशाताई तुम्हाला मिळणार नाही.

म्हणून आधी एक वर्षपट्टा काढा. मोठ्या कागदावर बारा महिने आखा आणि चार ओळी भरा: लोक जंगलात कधी, कशासाठी आणि किती वाजता जातात, कोणते आजार कधी वाढतात, गुरं कुठे चरतात, हल्ले आणि गुरांच्या शिकारी कधी झाल्या. हे बायकांकडून आणि पुरुषांकडून वेगवेगळं भरून घ्या. पुरुष सांगतील की सरपण आठवड्यातून एकदा आणतात. बायका हसतील आणि खरं काय ते सांगतील. गुराख्याला विसरू नका, कारण कुठल्या पाणवठ्यावर गुरं आणि रानगवे एकामागोमाग येतात हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

त्याच फेऱ्यांमध्ये पायाभूत नोंदी करून ठेवा. पाळीव आणि मोकाट कुत्री किती, किती घरांत रोज लाकडी चूल पेटते, वापरात असलेले शौचालय किती (बांधलेले वेगळे, वापरातले वेगळे), गेल्या वर्षात सर्पदंश किती आणि त्यातले आधी कुणाकडे गेले, श्वानदंश किती आणि लशीचे सगळे डोस कितींनी पूर्ण केले. ही माहिती नंतर गोळा करता येत नाही. काम सुरू झालं की लोक तुम्हाला आवडेल ते सांगू लागतात.

वैदूंनाही याच टप्प्यावर भेटा. मेळघाटात भुमका, पडियार, इतरत्र आणखी कुणी. त्यांना टाळून सर्पदंशाचं काम होत नाही. त्यांना शत्रू ठरवलंत तर रुग्ण त्यांच्याकडे लपून जाईल आणि तुमच्याकडे उशिरा येईल. ‘तुमचा विधी करा, पण गाडी आधी बोलवा’ इतकी तडजोड पुरते.

टप्पा ३: परवानग्या आणि त्यांचा क्रम

कागद सगळेच गोळा करतात, क्रम चुकतो. आधी वनविभागाकडे जाऊन त्यांच्या गाडीतून गावात उतरलात तर पुढची दोन वर्षं तुम्ही ‘फॉरेस्टवाले’. क्रम असा ठेवा:

१. आशा आणि उपकेंद्राचे समुदाय आरोग्य अधिकारी. त्यांना काय कमी पडतं ते आधी ऐका.
२. प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, आणि त्यांच्यामार्फत तालुका आरोग्य अधिकारी. समांतर दवाखाना काढायचा नाही, असलेल्या व्यवस्थेला हातभार लावायचा आहे, हे लेखी द्या.
३. पशुवैद्यकीय दवाखान्याचे पशुधन विकास अधिकारी.
४. ग्रामसभा. ठराव घ्या, आणि त्यात उपक्रमासोबत पुढच्या टप्प्यातले नियमही लिहून घ्या.
५. वनपरिक्षेत्र अधिकारी आणि बफरचे उपसंचालक.

ग्रामसभेत पुनर्वसनाचा प्रश्न येणारच. ‘दवाखाना देऊन आम्हाला उठवणार का?’ याला गोड उत्तर देऊ नका. तुमचा त्या प्रक्रियेशी संबंध नाही हे स्पष्ट सांगा आणि ते ठरावात येऊ द्या. संबंध असेल तर हा उपक्रम करूच नका.

वनविभागाकडून पहिली मागायची गोष्ट म्हणजे रात्रीच्या नाक्याची सोय. जंगलातून जाणाऱ्या रस्त्यावर नाका रात्री बंद असेल आणि चावी कुणाकडे हे कुणाला ठाऊक नसेल, तर प्रसूतीची किंवा सर्पदंशाची गाडी तिथेच अडते. १०८ रुग्णवाहिका आणि गावातल्या ठरावीक खासगी गाड्यांना कोणत्याही वेळी सोडण्याचं लेखी पत्र घ्या, त्याची प्रत नाक्यावर लावा आणि नाक्यावरच्या वनमजुराचा नंबर आशाकडे द्या. एवढी एकच गोष्ट झाली तरी गाव तुमचं पुढचं ऐकून घेईल.

सावध: ज्या गर्भवतींच्या वाटेवर असा नाका किंवा नाला आहे त्यांच्यासाठी नुसत्या पत्रावर अवलंबून राहू नका. आरोग्य केंद्राजवळ माहेरघराची, म्हणजे बाळंतपणाआधी येऊन राहण्याची सोय असेल तर तारखेच्या काही दिवस आधीच तिथे हलवण्याची यादी आशा आणि परिचारिकेसोबत दर महिन्याला करा.

टप्पा ४: उपचार आणि कायदा यांच्यातली भिंत

या टप्प्याला कुणी वेळ देत नाही, आणि उपक्रम मोडतात ते इथेच.

दृश्य असं असतं. चाळिशीचा माणूस तपासणीच्या टेबलापाशी येतो. डोक्याला फडकं गुंडाळलेलं, दंडावर चार समांतर ओरखडे, दोन दिवसांचे, कडा सुजलेल्या. विचारलं तर म्हणतो, ठुंठावर पडलो. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला वनरक्षक गणवेशात चहा पीत बसलेला असतो. माणूस पट्टी करून घेतो आणि निघून जातो. रेबीजची लस घेत नाही, कारण ‘अस्वल’ म्हटलं की ‘कुठे’ विचारणार, आणि ते ‘कुठे’ कोअरमध्ये, म्हणजे जाण्यास मनाई असलेल्या गाभ्यात असतं.

वन्य प्राण्याचा चावा किंवा ओरखडा रेबीजच्या दृष्टीने तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात गंभीर श्रेणीत धरतात. लशीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडंही द्यावी लागतात. इथे भीतीपोटी बोललेलं एक खोटं माणसाच्या जिवावर बेतू शकतं.

म्हणून हे नियम लिहून काढा आणि दवाखान्याच्या भिंतीवर लावा:

– तपासणीच्या जागेत गणवेशातलं कुणीही बसणार नाही. वनकर्मचारी आजारी असेल तर रुग्ण म्हणून येईल, रांगेत.
– रुग्णाचं नाव, जखम कुठे झाली, तो जंगलात का गेला होता, ही माहिती वनविभागाला संस्था देणार नाही. नुकसानभरपाई हवी असेल तर रुग्ण स्वतः ठरवेल, संस्था त्याला अर्ज भरायला मदत करेल. रुग्णालयाला कायद्याने जी नोंद करावी लागते ती रुग्णालय करेल, आणि ते रुग्णाला आधीच सांगितलं जाईल.
– कोणताही उपचार ‘सरपण तोडणार नाही’ असल्या अटीवर मिळणार नाही.

शेवटच्या नियमावर वाद होतो. इंडोनेशियाच्या पश्चिम कालिमंतानमध्ये एका दवाखान्याने वृक्षतोड थांबवणाऱ्या गावांना उपचाराच्या खर्चात सवलत दिली आणि तिथल्या राष्ट्रीय उद्यानातली जंगलतोड खरंच घटली, असा दाखला दिला जातो. दाखला खरा आहे. पण तिथे उपचार सगळ्यांना मिळत होते, सवलत वरची होती, पैसे नसतील तर रोपं देऊनही बिल भागवता येत होतं, आणि योजना गावांशी बोलून ठरली होती. आपल्याकडे सरकारी आरोग्यसेवा मुळात मोफत आहे. मोफत असलेली गोष्ट अटीवर द्यायला लागलात तर ती सवलत उरत नाही, शिक्षा होते. गावाला काही जास्तीचं द्यायचं असेल, समजा सामूहिक सौरदिवे, तर ते जरूर जोडा. औषध नाही.

तपासा: वनविभागाच्या एखाद्या बैठकीत तुम्हाला ‘गेल्या महिन्यात कोण कोण जखमी झालं?’ असं विचारलं, तर तुमचा सगळ्यात नवखा कार्यकर्ता काय उत्तर देईल? ते आजच त्याच्याकडून वदवून घ्या.

टप्पा ५: आधी सेवा, किमान चार महिने

या काळात वन्यजीवांबद्दल भाषण नको, पोस्टर नको. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी दवाखाना उघडला पाहिजे. महिन्यातून दोनदाच जमत असेल तर दोनदाच, पण चुकवायचं नाही.

गावाला जे हवं ते आधी. विदर्भातल्या आदिवासी भागात सिकलसेलची तपासणी आणि सातत्याने औषधं, गर्भवतींची तपासणी, रक्तदाब, मुलांचा ताप. तुम्हाला श्वानदंशात रस असेल, गावाला गुडघेदुखीत. गुडघेदुखीही बघा.

सर्पदंशाची तयारी पावसाळ्याआधी पूर्ण करा. जवळच्या कोणत्या केंद्रात सर्पदंशावरचं प्रतिविष आणि ते देणारा डॉक्टर रात्रीही असतो, हे फोनवर विचारू नका, जाऊन बघा. गावात तीनच गोष्टी घोकवा: आवळून बांधू नका, कापू-चोखू नका, दंश झालेला भाग न हलवता ताबडतोब गाडीत घाला. मण्यारीचा मुद्दा वेगळा सांगावा लागतो. ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, सूज-वेदना जवळजवळ नसते, आणि पहाटे पोटात दुखतं, पापण्या मिटू लागतात. घरच्यांना वाटतं अपचन झालं. खाट आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी मण्यार आणि हिवताप दोन्ही अडवते. जोडकाम म्हणजे काय, हे मला तरी याहून सोप्या शब्दांत सांगता येत नाही.

आता औषधांचा दुवा. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलेलं जनावर मेलं आणि ते गिधाडांनी खाल्लं तर गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात. म्हणून जनावरांसाठी हे औषध भारतात २००६ पासून बंद आहे. तरी ते गुरांपर्यंत पोचत राहिलं, कारण माणसांच्या इंजेक्शनच्या मोठ्या कुप्या बाजारात होत्या. म्हणून २०१५ मध्ये माणसांसाठीची कुपीही ३ मिलिलिटरच्या एका डोसापुरती मर्यादित केली. तुमच्या दवाखान्यातून या कुप्यांचा एखादा खोका ‘बैल लंगडतोय’ म्हणून बाहेर गेला तर ही सगळी साखळी पुन्हा सुरू होते. इंजेक्शनचा साठा कुलपात ठेवा, वापरलेल्या कुप्या मोजून परत न्या. बैलाच्या दुखण्यावर पशुवैद्यकाकडून मेलॉक्सिकॅम घ्या. किटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅक जनावरांसाठी २०२३ पासून बंद आहेत. निमेसुलाइडही नको.

कचरा: सुया, सलाइनच्या नळ्या, रक्ताचा कापूस यातलं काहीही गावात पुरायचं नाही, जाळायचं नाही. पिवळी, लाल, पांढरी, निळी, प्रत्येक रंगाच्या वर्गवारीत भरून आरोग्य केंद्रात परत. शिबिराच्या जेवणाची पत्रावळीही. उष्ट्यावर आधी कुत्री येतात, मागून डुकरं, आणि कुत्र्यांच्या वासाने बिबट्या.

टप्पा ६: कुत्री आणि गुरं

गावाचा विश्वास बसला की हा टप्पा. कुत्र्यांसाठी जानेवारी-फेब्रुवारी बरा काळ आहे. पावसाळ्याच्या अखेरीला आणि हिवाळ्याच्या सुरुवातीला झालेली पिल्लं तोवर तीन महिन्यांची होतात, आणि मोह सुरू व्हायला अवकाश असतो.

रेबीजची साखळी तुटायची तर गावातल्या निदान ७० टक्के कुत्र्यांना लस हवी. ‘आम्ही इतक्या कुत्र्यांना लस दिली’ हा आकडा एकूण कुत्री किती होती हे कळल्याशिवाय कामाचा नाही.

तयारी अशी. कुत्री पकडणाऱ्या आणि लस टोचणाऱ्या प्रत्येकाचे रेबीजचे प्रतिबंधक डोस आधीच पूर्ण झालेले असावेत. लस २ ते ८ अंश सेल्सियसमध्येच राहिली पाहिजे. शीतपेटीतल्या आइसपॅकला ती थेट चिकटून गोठली तरी वाया जाते, हे उन्हाळ्याच्या धास्तीत कुणाच्या लक्षात येत नाही. आदल्या संध्याकाळी दवंडी द्या आणि शाळेत सांगा. मोठी माणसं विसरतात, मुलं विसरत नाहीत.

काम उजाडताच सुरू करा. कुत्री तेव्हा अंगणात असतात. मुलगी जुन्या साडीच्या पट्टीने बांधलेलं कुत्रं ओढत आणते, त्याचं तोंड ती स्वतःच धरायला जाते. तिला बाजूला करा, पट्टीनेच तोंडाला सैल वेढा द्या, कातडी उचलून टोचा, आणि पाठीवर रंगाचा ठळक पट्टा ओढा. नऊ वाजले की थांबा. उन्हं चढल्यावर कुत्री ओढ्याकाठी जातात आणि पाठलागात कुणाला तरी चावा बसतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे दोघांनी गावातून एक फेरी मारून दिसेल ते प्रत्येक कुत्रं मोजायचं: पट्टा असलेलं, नसलेलं. दहातल्या सातांवर पट्टा नसेल तर काम झालेलं नाही. राहिलेली बहुधा मोकाट असतात आणि जंगलात सगळ्यात आत तीच जातात. त्यांच्यासाठी जाळं आणि अनुभवी माणसं लागतात, वेगळा दिवस लागतो.

डिस्टेंपरची लस स्वतंत्र असते आणि सरकारी दवाखान्यात मोफत मिळेल असं धरून चालू नका. तुमच्या व्याघ्र प्रकल्पाच्या व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानाकडे ती आधीपासून मागा. नसबंदी हवीच, पण नियमानुसार नसबंदी केलेलं कुत्रं होतं तिथेच परत सोडावं लागतं. पकडून दुसऱ्या तालुक्यात सोडणं किंवा विष घालणं बेकायदेशीर आहे, आणि विषाच्या मागून तरस, कोल्हे, गिधाडंही जातात.

त्याच आठवड्यात आशाने श्वानदंशाची उजळणी घ्यावी: जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा, हळद, तिखट, चुना काही लावू नका, त्याच दिवशी आरोग्य केंद्र. कातडीत देण्याची लस असेल तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. चौथा डोस सर्रास चुकतो कारण तोवर जखम विसरलेली असते. त्याची तारीख घराच्या दारावर खडूने लिहून टाका.

गुरांबद्दल थोडक्यात: लाळ-खुरकुताची लस दर सहा महिन्यांनी, घटसर्प आणि फऱ्याची पावसाळ्याआधी, पशुधन विकास अधिकाऱ्यांच्या ठरलेल्या फेरीतच. तोंडात फोड किंवा खुरात जखम असलेलं जनावर जंगलात चरायला नेऊ नका. हे गुराख्याला नुसतं सांगून भागत नाही. तितके दिवस चारा कुठून येणार, हे ग्रामसभेत आधी ठरलेलं हवं.

टप्पा ७: जंगलातला वेळ कमी करा

मोहफूल वेचणारी बाई पहाटेच्या अंधुक उजेडात वाकून बसलेली असते. वाघ-बिबट्याला ती चौपायी दिसते, आणि अस्वल तर मोह खायलाच आलेलं असतं. ‘जंगलात जाऊ नका’ हा सल्ला इथे निरुपयोगी आहे, मोह हे तिचं वर्षाचं उत्पन्न आहे. करता येतं ते असं: उजाडल्यावरच निघायचं, गटाने जायचं, एकाने उभं राहून लक्ष ठेवायचं, आणि गावातल्याच तरुणांच्या प्राथमिक प्रतिसाद दलाने आदल्या रात्रीच्या वन्य प्राण्यांच्या हालचालीची खबर निघण्याआधी गावाला द्यायची. झाडाखालचा पाला जाळण्याऐवजी झाडून काढायचा किंवा जाळी अंथरायची. पाला पेटवल्यानेच पुष्कळ वणवे लागतात.

चुलीचं गणित वेगळं. गॅसजोडणी बहुतेकांकडे असते, सिलिंडर कोपऱ्यात आणि त्यावर कपडे वाळत. प्रश्न जोडणीचा नसून दुसऱ्या सिलिंडरच्या पैशांचा आणि तो आणायच्या अंतराचा आहे. म्हणून जोडण्या मोजू नका, भरून आणलेली सिलिंडरं मोजा. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून काय मिळू शकतं ते ग्राम परिस्थितिकी विकास समितीच्या बैठकीत विचारा. पाणी तापवायला आणि धान उकडायला लाकूड लागणारच, ते शून्य होणार नाही. धुरातून निदान गर्भवती आणि खोकणारी म्हातारी बाजूला झाली पाहिजेत.

शौचालय असून वापर नसेल तर बहुधा पाणी नसतं. तिथे प्रबोधन नको, नळ हवा. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचा अबंधित निधी छोटा असतो, पण दुरुस्तीपुरता पुरतो.

टप्पा ८: खबर देण्याची साखळी

आजार आधी कुठे दिसला हे तिघांना एकाच दिवशी कळलं पाहिजे: आरोग्य, पशुसंवर्धन आणि वन. एका कागदावर फक्त खुणा लिहा.

– जखम नसताना मेलेलं माकड किंवा एकाहून अधिक मेलेले प्राणी. सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात २०१६ पासून माकडताप माहीत आहे. मेलेल्या माकडावरच्या गोचिड्या माणसावर येतात.
– नाकातोंडातून काळसर रक्त येऊन अचानक मेलेलं गुरू. हा काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स असू शकतो. कापायचं नाही, सोलायचं नाही. उघडलं की जंतूंचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षं राहतात.
– लाळ गाळत, झोकांड्या खात फिरणारं कुत्रं, किंवा माणसाला न भिणारा कोल्हा.
– पावसाळ्यानंतर ताप आणि अंगावर कुठेतरी काळी खपली. स्क्रब टायफस वेळेत ओळखला तर साध्या डॉक्सिसायक्लिनने बरा होतो. खपली काखेत किंवा जांघेत लपलेली असते, म्हणून कपडे बाजूला करून बघा.

कुणी कुणाला फोन करायचा हेही त्याच कागदावर असू द्या. माणसासाठी १०८, पाळीव जनावरासाठी १९६२, वन्य प्राण्यासाठी वनरक्षक किंवा १९२६. तिन्ही विभागांचा व्हॉट्सॲप गट करा, पण त्यावर रुग्णाचं नाव किंवा फोटो नको. ‘अमुक गाव, ताप, तीन घरं’ एवढं पुरतं.

गुराची शिकार झाली तर तेही याच साखळीत. वनविभागाला ४८ तासांच्या आत कळवायचं आणि पंचनाम्यापर्यंत मृत जनावर हलवायचं नाही. भरपाईच्या रकमा बदलत असतात, म्हणून चालू शासन निर्णयाची प्रत परिक्षेत्र कार्यालयातून आणून ग्रामपंचायतीत लावा. पंचनाम्याला उशीर झाला की रागाच्या भरात मृत जनावरावर विष पडतं, आणि त्यात वाघीण बछड्यांसकट जाते.

तपासा: सहा महिन्यांतून एकदा रंगीत तालीम घ्या. न सांगता एका आशाला ‘मेलेलं माकड दिसलं’ अशी खोटी खबर द्या आणि ती पशुवैद्यकापर्यंत पोचायला किती वेळ लागतो ते घड्याळात बघा. लगेच सगळ्यांना तालीम होती हे सांगून टाका.

टप्पा ९: काय मोजायचं, आणि दुसरं गाव कधी घ्यायचं

शिबिराची उपस्थिती मोजणं बंद करा. श्वानदंशाचे चारही डोस पूर्ण करणारे, सर्पदंशापासून पहिल्या उपचारापर्यंतचा वेळ, रंगाचा पट्टा असलेल्या कुत्र्यांचं प्रमाण, दर घरामागे भरून आणलेली सिलिंडरं, शिकारीची खबर ते पंचनामा यातले तास. एवढे पाच आकडे टप्पा २ मधल्या नोंदींशेजारी लिहा. वाघांची संख्या वाढल्याचं श्रेय यात ओढू नका. त्याची कारणं अनेक असतात आणि वनविभागाला ती तुमच्यापेक्षा चांगली ठाऊक असतात.

आशाताईंना या जादा कामाचा मोबदला द्या, वेळेवर द्या, आणि तो वैद्यकीय अधिकाऱ्यांना माहीत असू द्या. आधीच डझनभर नोंदवह्या सांभाळणाऱ्या बाईला तेरावी वही फुकट देऊ नका.

दुसरं गाव घेण्याआधी बघायचं ते असं: तुमची गाडी सलग दोन महिने आली नाही, तरी कुत्र्यांची यादी, नाक्याचा नंबर आणि खबरींचा कागद गावात कुणीतरी अद्ययावत ठेवलाय का? ठेवला असेल तर त्याच माणसाला घेऊन पुढच्या गावच्या ग्रामसभेला जा आणि बोलायला त्यालाच उभं करा.